भैरूची न वाळलेली खुर्ची

भैरू न्हाव्याला निवांत बसलेलं पिंपरीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी धोकटी बगलेत मारून तो घराबाहेर पडला की या ओसरीवरून त्या ओसरीवर, आणि तिथंही उकिडवाच. गिऱ्हाईक घोंगडीवर मांडी ठोकून बसायचं आणि भैरू त्याच्यापुढं टाचा उचलून, ढोपरं पार कानाशी आणून वस्तरा चालवायचा. उभा जन्म असा काढलेल्या माणसाची ढोपरं एक तर दुखतात, नाहीतर चळवळी होतात. भैरूची दोन्ही झाली होती. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय हलत असायचा. "ताट नाचतंय. पायाला दावं बांधू का?" असं त्याची बायको सोजराबाई रोज विचारायची. तो रोज हसायचा आणि पाय हलवत राहायचा.

त्यातून ते पंचावन्न-छप्पन साल. स्टेशनाच्या बाजूला औषधाची कंपनी उभी राहत होती आणि गावाच्या आजूबाजूला ज्या मोकळ्या माळावर कुत्रं फिरकत नव्हतं तिथं माणसं दिसायला लागली होती. कुणी साताऱ्याकडचं, कुणी बीडकडचं, कुणी पार कोकणातलं. केस मात्र सगळ्यांचेच वाढायचे. सुटीच्या दिवशी भैरू गावच्या लिंबाखाली घोंगडी टाकायचा; ही माणसं त्याला शोधत तिथं यायची, ती घोंगडी बघायची आणि तोंड वाकडं करायची. "खुर्ची नाही काय, राव? आरसा?" एकानं तर धोतराचा सोगा उचलून धरत विचारलं, "इथं खाली मातीत बसायचं?" आणि तो तसाच खडकीची गाडी पकडायला निघून गेला. दाढीसाठी खडकीला! भैरूला ती गोष्ट जेवताना आठवायची, झोपताना आठवायची, दुसऱ्याच्या गालावर वस्तरा असतानासुद्धा आठवायची.

शेवटी त्यानं मनाशी ठरवलं. स्टेशनाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या खोपटात दुकान घालायचं. आरसा लावायचा. खुर्ची मांडायची. आणि आता या ओसरीवरून त्या ओसरीवर नाही; ज्याला दाढी करायची त्यानं दुकानात यायचं.

हे ठरवणं सोपं होतं. गावाला सांगणं अवघड होतं. पिंपरीच्या जुन्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्याला सुगीत धान्य घातलं होतं आणि न्हावी त्यांच्या दारात येत आला होता. आता त्यांनी न्हाव्याच्या दारात जायचं, ही चाल कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. आणि गाव बिथरलं तर नुसत्या कंपनीच्या माणसांवर दुकान चालणार नव्हतं, कारण ती माणसं आज होती, उद्या कुठं असतील कुणाला ठाऊक.

म्हणून भैरूनं थेट पाटलांनाच विचारलं. अर्जुनराव पाटलांची दाढी तो दर आठवड्याला त्यांच्या ओसरीवर करायचा. एका गालाचा फेस निघाला आणि दुसऱ्याचा राहिला असताना, म्हणजे माणसाला उठून जाता येत नाही अशा वेळी, त्यानं सगळं सांगून टाकलं.

 अर्जुनराव तसे भले माणूस, पण बोलायला जड. वडील तात्या पाटील फार करडे होते. त्यांच्यापुढं तोंड उघडायची सवयच न लागल्यामुळं अर्जुनरावांचं बोलणं पन्नाशीतही खोल विहिरीतून पोहरा काढल्यासारखं सावकाश यायचं.

"म्हंजी मी तुज्या दारात यायचं?" ते म्हणाले.

"व्हय जी. पन खुर्चीवर बसायचं. मी उभा ऱ्हानार."

"खुर्ची हाय का तुज्याकडं?"

"हाय की!" भैरू म्हणाला. नव्हती.

"मंग पाडव्याला येतो. बघू कसली खुर्ची हाय ती."

झालं. गावात ही बातमी संध्याकाळच्या आत फिरली. दिवाळीच्या पाडव्याला पाटील भैरूच्या खुर्चीवर बसणार. बसले, तर सगळे बसणार. न बसता माघारी फिरले, तर भैरूनं मुकाट धोकटी घेऊन ओसऱ्या झिजवायच्या. हे कुणी चावडीत बसून ठरवलं नाही, पण सगळ्यांना ते कळलं होतं आणि भैरूला तर जरा जास्तच कळलं होतं.

आता खुर्ची आणायची कुठून? सोजराबाईनं कपाळावर हात मारला. "आदी खुर्ची बगायची, मग 'हाय' म्हनायचं. तुमचं सगळंच उलटं!"

पण पाटलांच्या ओसरीवरचं ते बोलणं आत शालनबाईंनी ऐकलं होतं. अर्जुनरावांच्या या पत्नी फार बोलायच्या नाहीत, पण घरातल्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. दोन दिवसांनी त्यांनी भैरूला परसदारी बोलावलं आणि गोठ्याशेजारच्या कोठीचं कुलूप काढलं. आत पेंड्यांच्या मागं एक खुर्ची होती. सागवानी, उंच पाठीची, हात रुंद. बसायच्या जागी झरोक्यातून शिरणाऱ्या कोंबडीनं अंडी घातली होती.

भैरूनं ती ओळखली. पिंपरीत ती न ओळखणारा माणूस नव्हता. तात्या पाटलांची खुर्ची! ते चावडीत यायचे तेव्हा ही खुर्ची त्यांच्या पुढं यायची. तिच्या उजव्या हातावर मधोमध एक खळगा होता. तिथं सुपारी ठेवून अडकित्त्याच्या मुठीनं ठेचायची तात्यांची खोड. उभ्या हयातीत त्यांनी त्या लाकडाला खड्डा पाडला होता. भैरू त्यांची दाढी करायचा तेव्हा तात्या खाली घोंगडीवर यायचे, आणि खुर्ची बाजूला रिकामी उभी असायची. तिला भैरूचं धोतरसुद्धा कधी लागलं नव्हतं.

"घिऊन जा," शालनबाई म्हणाल्या. "मामंजी गेल्यापास्नं हितंच पडलीया. ह्ये घरात आनू देत न्हाईत, चुलीत घालू देत न्हाईत. कोंबड्यांनी नासायपरीस कुनाच्या तरी कामाला येऊ दे."

"पन पाटलीणबाई, पाटील तर पाडव्याला तिच्यावरच..."

"म्हनूनच रंग दे. असा दे, का तिची ओळख ऱ्हायला नगं. मी दिली ह्ये त्यास्नी कळता कामा न्हाई."

भैरूनं ती तरटात गुंडाळली आणि नदीच्या अंगानं घरी आणली. त्या क्षणापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आधी नुसतं दुकान अडकलं होतं. आता पाटलांच्या घरातली शांतताही त्यात अडकली होती. ज्या माणसानं बापाची खुर्ची कोंबड्यांना दिली पण कुणाला दिली नाही, त्याला ती न्हाव्याच्या दुकानात दिसली तर?

तो कामाला लागला. आणि काम म्हणजे काय, तर जे त्याला येत होतं तेच. जुन्या वस्तऱ्यांनी त्यानं खुर्ची खरवडली, अगदी हनुवटीखालचे चुकार केस काढावेत तशी, कानेकोपरे धरून. कोंबड्यांची घाण गेली, काजळी गेली, वर्षांचा मळ गेला. खाली लाकूड उघडं पडलं ते पांढुरकं, कोरडं ठाक, भेगाळलेलं. भैरूनं त्यावरून तळवा फिरवला आणि त्याला कळवळा आला. असं कोरडं टाळकं त्याच्या हाताखाली आलं असतं तर त्यानं काय केलं असतं? तेल जिरवलं असतं. त्यानं तेच केलं.

दिवाळीसाठी चांगलं तिळाचं तेल आणून ठेवलेलं होतं. नरकचतुर्दशीला पहाटे घरोघरी जाऊन पुरुषमाणसांना तेल रगडायचं तर तेल लागायचंच. त्या तेलाची वाटी घेऊन भैरू खुर्चीपुढं उकिडवा बसला. तळव्यावर तेल घ्यायचं, लाकडावर थापायचं, अंगठ्यानं जिरवायचं. खुर्चीची पाठ, खुर्चीचे हात, पाय, पोटऱ्या. लाकूड अधाशासारखं तेल प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं दिसायचं. भैरू पुन्हा रगडायचा. असा आठवडा गेला.

"खुर्ची हाय का सासरा माजा?" सोजराबाईनं विचारलं. "चतुर्दशीला लोकास्नी काय लावनार, पानी?"

पण लाकूड झळाळलं होतं. भैरूनं हातावरच्या खळग्यात खडूची पूड तेलात मळून केलेली लांबी भरली, अंगठ्यानं सारखी केली. खळगा दिसेनासा झाला. मग सिंधी कॅम्पातल्या दुकानातून हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणला. दुकानदार मोठ्या भरवशानं म्हणाला, "आज लगाओ, कल बैठो." वसुबारसेच्या आदल्या दिवशी भैरूनं पहिला हात दिला आणि धनत्रयोदशीला दुसरा. खुर्ची पोपटासारखी हिरवीगार झाली. तात्या पाटील स्वतः उठून आले असते तरी त्यांनी ती ओळखली नसती.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीच्या पहाटे, भैरूनं बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं.

थंडीचे दिवस, लागेल वेळ, असं म्हणून त्यानं खुर्ची ऊन येईल अशा जागी ठेवली आणि उरलंसुरलं तेल घेऊन तो रगडायला गावात गेला. येताना जवळजवळ पळतच आला. बोट लावलं. चिकटलं. परत तासाभरानं लावलं. आता रंगावर त्याच्या बोटांचे ठसेच ठसे उठले होते. ते पुसायला फडकं लावलं, तर फडकं चिकटलं. सोजराबाईची कोंबडी सवयीनं उडी मारून खुर्चीवर बसली आणि ओरडत उतरली. दोन पिसं मागं राहिली. भैरूनं ती चिमटीनं उपटली, शिव्या दिल्या, खुर्ची उचलून पाणी तापवायच्या चुलीपाशी नेली. तिथं धुराची काजळी चिकटली. मग अंगणात आणली, तर कुठल्याशा फटाक्याचे लाल कागद येऊन बसले. त्याला धड जेवण जाईना. लक्ष्मीपूजनाला सोजराबाई हळदकुंकू वाहत होती आणि हा देवाला सोडून दाराबाहेर खुर्चीकडं बघत होता.

त्या संध्याकाळी आबाजी सुतार बत्तासे द्यायला आले. त्यांनी खुर्चीला नाक लावलं, वास घेतला आणि भैरूकडं बघितलं.

"तेल पाजलंस हिला?"

"लाकूड कोरडं व्हतं, आबा."

"आरं, ते लाकूड हाय, डोस्कं न्हाई! तेलावर रंग वाळत नसतो. खालनं तेल वर येतंय. दिवाळी जाईल, संक्रांत जाईल, ही काय वाळायची न्हाई."

"मग आता?"

"आता समदा रंग काड, सोड्यानं धू, म्हैनाभर उन्हात टाक." आबाजींनी बत्तासे हातावर ठेवले. "पाडवा कवा? उद्या न्हवं का?" आणि त्यांना हसू आवरेना.

भैरू त्यांच्यावर भडकला आणि मग स्वतःवर. तीस वर्षं ज्या हातांनी गावाची डोकी सांभाळली त्याच हातांनी आपण आपल्या पोटावर तेल ओतलं, असं त्याला वाटलं. तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. सोजराबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही, कारण दुकान तिलाही हवं होतं. नवऱ्यानं लोकांच्या पायापाशी उकिडवं बसणं तिला कधीच आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "अवो, दाढी झाल्यावर गाल चिकट लागला तर तुमी काय लावता?"

भैरू थांबला. मग आत जाऊन त्यानं पावडरचा डबा आणला.

पाडव्याच्या सकाळी भैरूच्या दुकानात आरसा होता, आरशाला झेंडूची माळ होती, आणि मधोमध हिरवी खुर्ची होती, तिच्यावर नखशिखान्त पावडर फासलेली. लग्नातली करवली असावी तशी ती दिसत होती आणि तसाच वास मारत होती. बोट लावलं तर चिकटत नव्हतं. भैरूनं बोट लावायचं बंद केलं नाही. दर चार पावलांनी लावायचा.

अर्जुनराव आले. दिवाळीचं नवं पांढरंशुभ्र धोतर, नवा पांढरा सदरा. ते कापड बघून भैरूनं खुर्चीला आणखी एकदा बोट लावलं. मागं चावडीवरची मंडळी, त्यांत सोपानराव सगळ्यांत पुढं, कारण पाटलांनंतर आपला मान असं त्यांचं स्वतःचं मत होतं. सगळे खोपटाबाहेर थांबले. आबाजी सुतारही होते आणि आकाशाकडं बघत होते.

"हीच का?" अर्जुनराव म्हणाले.

"हीच जी."

ते खुर्चीभोवती एकदा फिरले. पाठीच्या उंचीकडं त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं की भैरूला तसं वाटलं, कोण जाणे. मग ते बसले. पावडरचा एक ढग उठला. कुणीतरी शिंकलं.

भैरू उभा राहिला. आजवर त्यानं पाटलांचा चेहरा खालून पाहिला होता. आता टाळू दिसत होती. फेस केला, लावला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला.   त्यानं एक गाल केला, दुसरा केला, डोकं मागं कलवलं आणि गळ्यापाशी वस्तरा टेकवला. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

अर्जुनरावांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. आणि त्यांचा अंगठा सवयीनं, उगाच, हळूहळू घासत होता. बरोबर त्याच जागी. तेलात मळलेली लांबी लोण्यासारखी मऊ राहिली होती. अंगठ्याखाली ती सरकली, हिरव्या रंगाची साय सुरकुतली, बाजूला झाली. अंगठा थांबला. मग तो खळग्यात उतरला आणि तिथं बसला.

वस्तऱ्याखाली गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. भैरूनं वस्तरा तिथंच थांबवला.

"का थांबलास?" अर्जुनराव डोळे मिटूनच म्हणाले.

 शालनबाईंचं नाव घ्यायचं नाही, एवढं एकच भैरूला सुचत होतं. "मी उचलली, पाटील," तो पुटपुटला. "कोठीतनं. कुनाला न इचारता. माजी चूक झाली."

"कोठीला कुलूप हाय. किल्ली कुनाच्या कमरंला आसती ते मला ठावं हाय." त्यांनी हनुवटी आणखी वर केली. "गळा पुरा कर आदी."

भैरूनं गळा पुरा केला. कसा केला ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तुरटी फिरवली, तोंड पुसलं, आरसा पुढं धरला. अर्जुनरावांनी आरशात पाहिलंच नाही. ते अंगठ्याकडं बघत होते. बोलले ते भैरूला ऐकू जाईल एवढंच.

"ल्हानपनी एकदा बसलो व्हतो हिच्यात. तात्यांनी कान धरून उठवलं. समद्या चावडीदेखत. म्हनले, मी हाय तवर बसायचं न्हाई." त्यांनी अंगठा खळग्यातून फिरवला. "त्ये गेले, म्हनलं आता बसावं. तर बसवंना. रोज म्हनायचो उद्या बसू. शेवटाला कोठीत टाकली, डोळ्याम्होरं नगं म्हनून."

 तात्यांच्या मर्तिकाला भैरूनंच अर्जुनरावांचं मुंडन केलं होतं. तेव्हा न रडलेला हा माणूस आता डोळे पुसत होता, आणि पुसताना गालाला हिरवा रंग लावून घेत होता. भैरूनं फडक्यानं तो हळूच टिपला. 

"बसलो आज," अर्जुनराव म्हणाले, आणि उठायला गेले.

खुर्ची त्यांच्याबरोबर उठली.

बाहेरची मंडळी दाराशी सरकली. अर्जुनराव परत टेकले, परत जोर केला. पुन्हा खुर्चीचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. भैरू धावला, त्यानं मागून खुर्ची धरली, आबाजींनी पुढून पाटलांचे हात धरले, आणि ओल्या कापडाचा टरकन आवाज होऊन पाटील सुटे झाले. नव्या धोतरावर, नव्या सदऱ्यावर, पाठीपासून खालपर्यंत हिरवे पट्टे. कुणी हसेना. कुणी हलेना. भैरूनं डोळे मिटून घेतले.

अर्जुनरावांनी मान वळवून आपली पाठ बघायचा प्रयत्न केला, मग खुर्चीकडं बघितलं.

"जलमभर बसू दिलं न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले, "आन आता उठू दीनात!"

आणि ते हसले. तात्या पाटलांच्या या मुलाला खदखदून हसताना पिंपरीनं पहिल्यांदा पाहिलं. मग आबाजी हसले, मग सगळेच. भैरूला मात्र हसता येईना. तो पाटलांच्या पाठीमागं फडकं घेऊन उभा होता आणि कुठून पुसायला सुरुवात करावी ते त्याला कळत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," अर्जुनराव म्हणाले. "आन ह्यो खळगा भरू नगंस परत."

नदीच्या अंगानं गेले असते तर घर जवळ होतं आणि वाटेत कुणी भेटलं नसतं. ते चावडीवरून गेले. सावकाश, हात मागं बांधून, भर रस्त्यानं, बायका दारांत रांगोळ्या काढत होत्या त्यांच्यासमोरून. पाठीवरचे हिरवे पट्टे लांबूनही दिसत होते. पाटील कुठं बसून आले हे कुणाला विचारायची गरज राहिली नाही.

दुकानात सोपानराव पुढं झाले. त्यांचंही धोतर नवं होतं. भैरूनं घाईघाईनं पावडरचा डबा उचलला आणि खुर्चीवर भुरभुरवायला लागला.

सोपानरावांनी त्याचा हात धरला.

"पावडर नगं," ते म्हणाले. "तसाच बसतो."